लाल टाका

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या आठवडी बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगासमोर, एक डोळा मिटून उभी होते. मिटलेल्या पापणीवर कुण्या अनोळखी माणसाचा पांढरा सुती शर्ट हलकेच फिरवत होते आणि मनातल्या मनात उड्या मारत होते. असं कापड वर्षातून एखाद्या वेळीच हाती लागतं! धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं, की पापणीला लागलंय की नाही तेच कळू नये. कधी एकदा महाळुंग्याला जाते, आत्याच्या मांडीवर तो शर्ट टाकते आणि ती "आगं मंदे, कुठनं आनलंस गं ह्ये लोनी!" म्हणून ओरडते, असं मला झालं होतं. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या सुनेचा, सविताचा. "मंदाताई, आत्या गेल्या... सकाळचा चहा घेऊन मशीनवर बसल्या हुत्या, बसल्या जागी मान टाकली." मी म्हणाले, "अगं, पण मला शर्ट मिळालाय." त्या क्षणी मला एवढंच बोलता आलं. माझा चेहरा बघून ढिगाच्या मालकाने विचारलं, "काय झालं ताई?" मी सांगितलं. त्याने विचारलं, "त्या पापणीवाल्या आत्या?" आणि म्हणाला, "मग आता ह्या ढिगातलं चांगलं कापड ओळखणार कोण?" मी तो शर्ट पोटाशी धरून तशीच रिक्षात बसले.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. रडून झालंय. आज जे लिहायला बसलेय ते रडगाणं नाही, कारण आत्यावर रडगाणं लिहिलं तर ती वरून चप्पल फेकून मारेल. शिवाय मधल्या काळात असं काही घडलंय, की कुणाला सांगू आणि कुणाला नको असं मला झालंय. पण ते कळायला आत्या कोण होती ते आधी सांगितलं पाहिजे.

हौसाबाई हे तिचं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. महाळुंग्यातल्या जुन्या शेतकरी घरातली ती बाई. जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या परड्यात तिच्या मालकांनी ओळीने पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि त्या कामगारांना भाड्याने दिल्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत लग्नानंतर महिन्याभरात मी आणि माझे मिस्टर परभणीहून येऊन पडलो. ते कारखान्यात मशीनवर, मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला. आत्या आमची घरमालकीण, पण तिला मालकीण म्हणायची सोय नव्हती. सगळ्या खोल्यांची ती आत्या. मी आपली अदबीने "तुम्ही, तुम्ही" करायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमी काय, तुमी काय! म्या काय तुझी सायब हाय का? तू म्हन." त्या दिवसापासून मी 'तू'वर आले ते शेवटपर्यंत. ती अंगाने काटकुळी, आवाजाने दणकट आणि हाताने डावरी. डाव्या हाताने वाढते म्हणून सासरी तिने उभा जन्म बोलणी खाल्ली. सुई मात्र डाव्याच हातात धरली. खिडकीशी तिचं पायमशीन होतं. त्यावर ती काय शिवते हे पहिलं वर्षभर मी कधी विचारलंही नाही.

मयूरी झाली तेव्हा मी भलतीच मिजाशीत होते. कमावती बाई! पिंपरीच्या दुकानातून मी बाळासाठी नवे कोरे सेट आणून ठेवले होते. जाळीचे, लेसचे, पाठीवर बटणं आणि छातीवर बदक. आत्या बघायला आली, बदकाकडे बघून हसली आणि म्हणाली, "ग्वाड हाय. पर जुनेर कुठं हाय?" मला राग आला. आम्ही गरीब दिसलो का हिला? मी तोंडावर सांगितलं, "आत्या, माझ्या लेकीला जुनं-पानं नको." चौथ्या दिवशी मयूरीच्या मानेवर, काखेत, पाठीवर लालभडक पुरळ उठलं. पोर रडून रडून निळी पडायची. माझी आई परभणीला, गुडघे धरून बसलेली. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. मला काही सुचेना. आत्या आली, तिने बदकाचा सेट उतरवून बाजूला ठेवला आणि आपल्या धोतराच्या तुकड्याचं... म्हणजे तिच्या मालकांच्या धोतराच्या तुकड्याचं एक झबलं पोरीला घातलं. बटण नाही, बांधायला दोन बंद. आणि शिवण सगळी बाहेरच्या बाजूला! मला वाटलं, घाईत उलटं घातलं. "पोराला आतनं मऊ लागाया पायजे," ती म्हणाली, "बगनाऱ्याचं काय, बगनारा बाह्येर हाय." मयूरी त्या दिवशी दुपारभर झोपली आणि मी तिच्याशेजारी बसून पश्चात्तापाने रडले. पुढे आत्याच्या मालकांची तीन धोतरं अशीच आखूड होत गेली. ते अंगणात उभे राहून विचारायचे, "माझं धोतर धुन्यात आटतंय का काय?" आणि सगळ्या खोल्यांमधून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या खोल्यांमध्ये सगळं होतं, फक्त जुनं काही नव्हतं. बीडची, लातूरची, पार बिहारची माणसं दोन पेट्या घेऊन आलेली. पहिल्या पगाराचा कुकर, दुसऱ्या पगाराची चादर, साड्या टेरीकॉटच्या. बाळंतिणीला आणि बाळाला लागतं ते विरलेलं सुती लुगडं, आजीची चादर, बापाचा जुना सदरा हे सगळं गावाकडच्या पेटीत राहिलेलं. आत्या म्हणायची, "साऱ्या दुनियेचं नवं हितं बनतंय, आन पोराला गुंडाळाय एक जुनं फडकं न्हाई!" हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. घरातलं जुनं संपल्यावर ती बाजारातल्या ढिगाकडे वळली. आणि एकदा तर, ऐका हं, दारात भांडीवाली आली. जुने कपडे द्या, नवी भांडी घ्या. आत्याने तिचं गाठोडं सोडायला लावलं, त्यातून चार लुगडी आणि एक बंडी निवडली, घरात गेली आणि आपलं स्टीलचं पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं. भांडीवाली गोंधळली. "आजी, उलटं चाललंय, भांडं मी देते." आत्या म्हणाली, "मग आज तू घे." ती बिचारी पातेलं उलटंपालटं करून बघत राहिली. तिच्या उभ्या धंद्यात भांडं देऊन चिंध्या घेणारी बाई तिला भेटली नसावी!

बाजारात तिच्याबरोबर जाणं हा माझा सुट्टीचा सोहळा होता. ढिगात हात घालायची आणि रंग, शिवण, काही न बघता कापड पापणीवर फिरवायची. बोटं खोटं बोलतात, काम करून करून त्यांना घट्टे पडलेले असतात; पापणी खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. कुणाचा असेल, किती मळका असेल, या विचाराने मला शिसारी यायची. "धुनार हाय की!" ती म्हणायची, "तुज्या कंपनीत पार्ट बगाया गाडी हुस्तवर थांबतीस का?" आणलेलं कापड कडुनिंबाचा पाला घालून उकळायचं, दोन दिवस कडक उन्हात टाकायचं, मग कात्री. माप वितीचं आणि बोटांचं. पैसे ती घेत नसे. बाळ मोठं झालं की झबलं परत आणायचं, नाहीतर घरातलं एक सुती कापड आणून द्यायचं, एवढीच अट होती. महिना-दीड महिन्यात कुणीतरी पोटुशी बाई लाजत तिच्या दाराशी उभी राहायचीच. मग आत्याच्या अंगात यायचं! "कवा? कितवा लागला? पयलटकरीन का?" आणि लगेच पेटी उघडायची. दुसऱ्याच्या बाळाची एवढी घाई झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगते. तोवर आम्ही चऱ्होलीला फ्लॅट घेऊन राहायला गेलो होतो आणि आमच्या चारी बाजूंनी इमारती उठत होत्या. तिथल्या बांधकामांवर काम करणाऱ्या बायकांत पाच-सहाजणींचे दिवस भरत आल्याचं मी आत्याला फोनवर सहज सांगितलं. पंधरा दिवसांत अठरा झबली तयार! "मी शेवटची तपासणी करून, इस्त्री करून देते," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. इतकी वर्षं मी तिला ढिगापर्यंतच साथ दिली होती, शिवणापर्यंत कधी बसले नव्हते. झबली टेबलावर मांडून बसले आणि बघते तर काय, प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या दुमडीवर, लाल दोऱ्याचा एकच वेडावाकडा टाका! पांढऱ्या कापडावर लाल धागा. बिचारीची नजर गेली, चुकून राहिलं, असं समजून मी कात्री घेतली आणि अठराच्या अठरा टाके नखभर कात्रीने टकाटक उडवले. इस्त्री केली, घड्या घातल्या आणि शाबासकी घ्यायला महाळुंग्याला गेले.

आत्याने पहिलं झबलं उचललं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दुसरं उचललं. तिसरं. मग माझ्याकडे बघितलं. "टाकं कुठं हायती?" मी सांगितलं, काढून टाकले, डिफेक्ट होता. तिने झबलं माझ्यापुढे धरलं. "आगं येडे... आता ही अठरा पुन्ना कुनाची?" मग तिने सांगितलं ते असं. घरातलं, ओळखीचं, हयात माणसाचं कापड असलं की प्रश्न नाही. पण ढिगातल्या कापडाचा मालक जिवंत आहे की गेलेला, कुणाला ठाऊक? आमच्या बायका आवर्जून विचारणार, आत्या, गेलेल्या माणसाचं तर नाही ना? "खोटं कसं बोलू? आन खरं तर मलाबी ठावं न्हाई. म्हनून कात्री लावायच्या आदी टाका घालती. टाका पडला की कापाड बाळाचं. मागचं सारं फिटलं." माझ्या कंपनीत पास झालेल्या पार्टवर मी स्वतःच्या हाताने पिवळा ठिपका देते. तो ठिपका कुणी पुसला तर मी अख्खं डिपार्टमेंट डोक्यावर घेते. आणि इथे मी अठरा ठिपके पुसून शाबासकी मागायला आले होते!

शिक्षा म्हणून तिने अठराही टाके मला परत घालायला लावले. एकेका झबल्याला एकच टाका, पण तिला तो मनापासून हवा होता. तंद्रीत घातलेला ती उसवायची. संपल्यावर शेजारी आपला एक टाका घालून दाखवला आणि हसली. माझा टाका उजवीकडे कलायचा, तिचा डावीकडे. डावऱ्या हाताचा टाका! "तुझं टाकं उजवीकडं पळत्यात, माझं डावीकडं. मधी पोरगं बसवू," ती म्हणाली, आणि राग कुठल्या कुठे गेला. मात्र तेव्हापासून माझं नाव पडलं टाकेकापी. मी दारात दिसले की, "लपवा गं टाकं, टाकेकापी आली!" खोल्यांतल्या नव्या बायकांना माझी ओळख अशीच करून दिली जायची. माझ्यासमोर ती कात्री मांडीखाली घेऊन बसायची. मयूरीला म्हणायची, "तुज्या पोराला शिवीन तवा टाका असा घालीन, तुज्या आयला हुडकून सापडनार न्हाई." मयूरी तेव्हा दहावीत होती, ती लाजून पळून जायची आणि आम्ही दोघी हसत बसायचो.

मयूरीचं लग्न झालं, ती ताथवड्याला गेली आणि मागच्या वर्षाअखेर तिने गोड बातमी दिली. आठव्या महिन्यात तिला घेऊन मी आत्याकडे गेले. तीच आमची शेवटची भेट. आत्याने मयूरीच्या पोटावर हात ठेवला आणि सरळ पोटाशीच बोलायला लागली, "यं बाबा लवकर, म्या कापाड काढून बसलीया." आणि खरंच पेटीतून तिने एक लुगडं काढलं. मूळचं गडद निळं, आता पहाटेच्या आभाळासारखं फिकट. मी पापणीवर फिरवलं. बाजाराच्या एवढ्या वर्षांत असं कापड मला मिळालं नव्हतं! "कुणाचं?" "माझंच की. तुझी मयूरी तान्ही आसताना तिला मांडीवर घिऊन बसायची ती ह्येच नेसून." मी म्हटलं, "आत्या, तुला नेसायला राहू दे." तर म्हणते, "म्या आता गाऊनवाली झाली!" आणि स्वतःच्या फुलाफुलांच्या गाऊनचा घेर धरून गिरकी घेतली... पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई! मयूरी हसून हसून पोट धरून बसली. निघताना आत्या म्हणाली, "सोमवारी कात्री लावती." तो सोमवार आला आणि गेला. आणि त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी डोळा मिटून त्या पांढऱ्या शर्टासमोर उभी राहिले.

तेराव्याला सविताने माझ्या हातात एक रुमालाची पुरचुंडी ठेवली. "मशीनवर ह्ये हुतं. शिवाया बसल्या हुत्या." आत निळ्या लुगड्याचे कापलेले तुकडे होते. पुढचा भाग, पाठ, दोन इवल्या बाह्या आणि दोऱ्याने बांधलेली एक छोटी गुंडाळी, ती बंदांची असणार. एकही टाका नव्हता. घरच्या कापडाला ती टाका घालत नसेच. मी पुरचुंडी कपाटात ठेवली आणि ठरवलं, हे झबलं मी शिवणार. सरळ शिवण मला येते. वाकडी आली तर आत्याचं नाव सांगेन!

महिन्याभरात मयूरीला मुलगी झाली. मुलगी! काळेभोर केस, मुठी आवळलेल्या आणि आवाज असा की दवाखान्याच्या बाहेर ऐकू जावा. मी नातीला बघितलं आणि पहिला विचार मनात आला तो आत्याला फोन करायचा. नंबर लावलाही... मग ठेवला. पाचव्या दिवशी ताथवड्याला मी पुरचुंडी उघडून कौतुकाने विहीणबाईंना दाखवली. सुलभाताई मोजकं बोलणाऱ्या, समजूतदार बाई. त्यांनी तुकडा हातात घेतला, मऊपणाने त्यांचाही चेहरा उजळला. "कुणाचं हो?" मी सांगितलं. त्यांनी तुकडा अगदी हळू, घडी न मोडता परत ठेवला. "मंदाताई, रागावू नका. गेलेल्या माणसाचं कापड नको बाळाला." मी समजावायला तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा एकोणीस दिवसांचा होऊन गेला. त्याला माझ्या सासूबाईंच्या साडीत गुंडाळलं होतं. सासूबाई आधीच्याच वर्षी गेलेल्या. नंतर कुणीतरी मला बोलून दाखवलं... आता मला माहीत आहे की त्याचा काही संबंध नसतो. डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण माझा हात पुढे होत नाही हो." त्यांच्यापुढे मी काय वाद घालणार? काही माणसांच्या भीतीपुढे आपण मान तुकवावी, तेच शहाणपणाचं असतं. पण बारशाला नात ते झबलं घालणार नसेल, तर आत्याचं शेवटचं काम कपाटातच राहणार होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी महाळुंग्याला गेले. सविताने खोली उघडून दिली. मशीन तसंच खिडकीशी, उन्हात. मी तुकडे मांडले आणि डोक्यात एक कल्पना आली. ढिगातल्या कापडांना चालतं, ते या कापडाला का चालू नये? लाल दोरा डबीत होताच. डाव्या कोपऱ्यात एक टाका घालायचा आणि सुलभाताईंना सांगायचं, आत्याने जाण्याआधी घातला होता. कोण ओळखणार? मी सुई ओवली, कापडावर टेकवली आणि हात थांबला. सव्वीस वर्षं इन्स्पेक्शन केलंय हो. शिफ्ट संपत आली, सुपरवायझर डोक्यावर उभा राहिला, तरी न तपासलेल्या पार्टवर ठिपका दिला नाही कधी. नातीच्या पहिल्या झबल्यावर खोटा ठिपका देऊ? सुई मी उशीत खोचली. म्हटलं, शिवते. नाही घातलं तर नाही घातलं. माझ्याजवळ राहील. खांदे जोडले, बाह्या लावल्या, शिवण बाहेर. बरं जमलं. मग बंद काढायला ती छोटी गुंडाळी सोडली. दोन बंद निघाले आणि त्यांच्या आत गुंडाळलेली गळपट्टी. गळ्याला लावायची ती बोटभर रुंदीची पट्टी मी हातावर उलगडली आणि तिच्या मधोमध, मानेच्या मागे जिथे ती दुमडली जाणार, बरोबर तिथे...

लाल टाका! डावीकडे कललेला.

मी खोलीत एकटीच ओरडले. सविता धावत आली, तिला वाटलं माझ्या बोटात सुई घुसली! मी तिला धरून हसत होते, रडत होते, पट्टी तिच्या डोळ्यांसमोर नाचवत होते. गळपट्टी दुमडली की टाका आत जातो, दिसत नाही. खालच्या कोपऱ्यात घातला असता तर टाकेकापीने उडवला असता, म्हणून तिने तो माझ्या कात्रीपासून सगळ्यात लांबच्या जागी लपवला होता. बोलल्याप्रमाणे लपवला होता! हसू ओसरल्यावर मात्र मी पट्टी पुन्हा हातात घेऊन बघितली. स्वतःच्या घरच्या, स्वतःच्या लुगड्याला टाका? तो तर मालकाचा भरवसा नसलेल्या कापडाला घालायचा असतो. म्हणजे सोमवारी कात्री हातात घेताना तिला ठाऊक होतं. गिरकी घेताना, पोटाशी बोलतानाही ठाऊक असेल कदाचित. कुणाला काही न सांगता तिने स्वतःच स्वतःच्या कापडावरचा हक्क सोडला आणि मग शिवायला बसली. मी मशीनवर डोकं टेकून म्हटलं, "सापडला गं, आत्या."

गळपट्टी मी लावली नाही. तशीच उलगडी घेऊन दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत ताथवड्याला पोचले. सुलभाताईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं, अठरा झबल्यांपासून. त्यांनी चष्मा लावून टाका बघितला. मग शांतपणे विचारलं, "तुम्ही नाही ना घातलात?" मला मुळीच राग आला नाही. हा प्रश्न मीही विचारला असता. काल सुई ओवली होती, हेही मी सांगून टाकलं. मग लाल दोरा घेऊन त्यांच्यासमोर माझ्या पदराच्या टोकाला एक टाका घातला आणि दोन्ही शेजारी धरले. माझा उजवीकडे, तिचा डावीकडे. सुलभाताईंनी दोन्ही टाके चष्म्याजवळ नेऊन बघितले. "डावऱ्या होत्या का?" "हो." "आणि हे त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या लुगड्याला..." त्यांनी टाक्यावरून बोट फिरवलं, अगदी हळू. मग डोळे पुसून म्हणाल्या, "दुमडा आता. पाहुणे येतील." मी ओट्याशी बसून हाताने गळपट्टी शिवली आणि नातीला ते झबलं मी घातलं नाही, सुलभाताईंनी घातलं. बंदही त्यांनीच बांधले. एकीने बघून विचारलंच, "अगं, उलटं घातलंय का?" मी तोंड उघडायच्या आत सुलभाताई म्हणाल्या, "नाही, बाळाकडून सुलटं आहे." आत्या असती तर तिने त्यांना तिथल्या तिथे पेटीची किल्ली दिली असती!

मशीन आता माझ्याकडे आहे. सविता म्हणाली, "तुमीच न्या, आमच्यात कोन बसनार?" चऱ्होलीच्या बाल्कनीत ते खिडकीशी ठेवलंय. आत्याच्या शेवटच्या खोलीत, जिथे मी राहायचे, तिथे आता नांदेडकडची एक मुलगी राहते. सहावा लागलाय. परवा सविताकडे लाजत विचारत होती म्हणे, आता झबली कोण शिवतं? मला बातमी कळली आणि मी अर्ध्या तासात तो पांढरा शर्ट बाहेर काढला. हो, तोच, बाजारातला. कडुनिंबात उकळलाय, दोन उन्हं खाल्लीत. काल रविवारी सुलभाताई आल्या होत्या. त्यांनी शर्ट हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच एक डोळा मिटला. मग सुईत लाल दोरा त्यांनीच ओवून दिला. तो शर्ट कुणाचा होता, तो माणूस कुठे आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात मी एक टाका घातला. उजवीकडे कललाय, पण पडला. आता तो शर्ट बाळाचा आहे. कात्री उद्या लावते.